फलटणचं मध्यंतर

"मॅडम, ह्यात कात्री कुठं लावायची?"

इथले ऑपरेटर आप्पा गुरव माझ्या डोक्याशी उभे राहून विचारत होते. मी रत्नदीप टॉकीजच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये फरशीवर मांडी घालून नव्या मशीनच्या वायरी जोडत होते. तोंडात स्क्रू धरला होता, तो काढून मी हसले.

"आप्पा, यात रीळच नाही. कापणार काय?"

"रीळ न्हाई ते दिसतंय मला. पर पिक्चर तर हाय न्हवं? मग कात्री कुठंतरी लागणारच."

मी त्यांना दोन वाक्यांत समजावलं. सिनेमा आता या काळ्या डब्यात फाइल होऊन येतो, पुण्याहून आमची कंपनी त्याचं कुलूप उघडते, आपण फक्त बटण दाबायचं. आप्पांनी डबा चारी बाजूंनी निरखला, "बरं" म्हणाले आणि चहा सांगायला खाली गेले.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पंचवीस वर्षांची होते, मिरजेहून डिप्लोमा करून पुण्यात नोकरीला लागले होते, आणि सातारा-सांगलीकडची जुनी थिएटरं डिजिटल करणं हे माझं काम होतं. बुधवारी एखाद्या गावी पोचायचं, शुक्रवारी नव्या मशीनवर पहिला खेळ लावून द्यायचा, शनिवारी फॉर्म भरून परत. केबिनमध्ये बाई बघून ऑपरेटर लोक आधी गडबडायचे, मग मदतीला धावायचे. या दोन्हींची मला सवय झाली होती. स्वतःला मी फार हुशार समजत होते, हेही सांगून टाकते.

फलटणला मात्र एक भानगड झाली. पहिल्याच दिवशी मालक अभयशेठ दोशी यांनी मला जिन्यात गाठलं. शेठ भला माणूस. त्यांनी आधी आवाज खाली केला, मग वर केबिनकडे बघितलं.

"मॅडम, तुमच्या त्या फॉर्मवर एक रकाना असतो ना? ऑपरेटर आवश्यक आहे की नाही?"

"असतो."

"त्यात 'नाही' लिहाल ना? खरं तेच लिहा म्हणतोय मी. बटण दाबायला ऑपरेटर कशाला?"

"खरंच नाही लागत, शेठ. कुणीही दाबू शकतं."

त्यांचा चेहरा उजळला, मग लगेच उतरला. "आप्पा छत्तीस वर्षं इथं आहेत. माझ्या वडिलांनी ठेवलेला माणूस. माझ्या तोंडानं कसं सांगू? कंपनीच्या कागदावरच आलं तर बरं पडेल. शनिवारी तुम्ही सही केलीत, की तो कागद मी त्यांना दाखवीन."

मी "ठीक आहे" म्हटलं. त्यात मला काही गैर वाटलं नाही. असे सात-आठ फॉर्म मी आधी भरले होते, प्रत्येकावर 'नाही' लिहिलं होतं, आणि त्या 'नाही'चं पुढं काय झालं हे विचारायला मी कुठल्याच गावी परत गेले नव्हते.

चहा आला. तो घेऊन हौसाबाई आल्या. या बाल्कनीच्या दारावर तिकिटं फाडायच्या आणि खेळ संपला की झाडूनही काढायच्या. कपाळभर कुंकू, कमरेला खोचलेला पदर आणि सगळ्या गावाशी भांडून दमलेला आवाज. त्या दारातच टेकल्या आणि शुक्रवारी लागणाऱ्या सिनेमाचा विषय निघाला. इंग्रजी सुपरहिरोचा होता, हिंदीत डब केलेला. हिरवा अंगरखा घालून उडणारा, पडत्या इमारती हातानं झेलणारा एक तरुण. गावातल्या मुलांनी पोस्टर लागल्या दिवशीच त्याचं नाव 'हिरवा मामा' ठेवलं होतं.

"ह्या असल्या पिक्चरला मी बाल्कनीत उभी पण ऱ्हात न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. "नुसती धडामधुडूम. पूर्वीच्या पिक्चरला पोटभर रडाय मिळायचं."

"अगदी बरोबर, मावशी," मी म्हणाले. माझ्या आवडीचा विषय होता. माझ्या वडिलांचं मिरजेत सायकलचं दुकान. दर महिन्याला ते मला घेऊन जुने सिनेमे बघायला जायचे. जत्रेत हरवलेले भाऊ, आंधळी आई, शेवटी सगळ्यांची गाठभेट. आम्ही दोघं रुमाल घेऊनच जायचो. "त्या सिनेमात माणसं असायची. यात काय असतं? शंभर इमारती पडतात आणि खाली मेलेल्या एकाचंही नाव कळत नाही."

आप्पांकडून मला होकाराची खात्री होती. साठीला आलेला, धोतर-टोपीतला ऑपरेटर. तो जुन्याच सिनेमाच्या बाजूनं बोलणार.

आप्पांनी बशीतला चहा संपवला. "मला हेच बरं वाटत्यात."

"हे? हिरवा मामा?"

"व्हय. जुन्या पिक्चरात हिरोला गोळी लागायची आन् त्यो अर्धा तास बोलत ऱ्हायचा. आईला, बहिणीला, समद्यांना निरोप. येवढं बोलायचं हुतं तर दवाखान्यात जायचं की."

हौसाबाईंनी त्यांना हात जोडले. "तुमच्या काळजाला पाझरच न्हाई, आप्पा."

"पाझराचं र्‍हाऊ दे. ह्यांच्या पिक्चरमधी मला काम असतंय."

मला वाटलं, या सिनेमांची रिळं जास्त असतील, उचलठेव जास्त असेल. मी तिथंच विषय सोडला. खरं तर जिन्यातलं बोलणं झाल्यापासून मला त्यांच्या डोळ्यांकडे नीट बघवत नव्हतं.

गुरुवारी दुपारी चाचणी होती. कंपनीनं तासाभरासाठी नव्हे, पूर्ण सिनेमासाठी कुलूप उघडून दिलं. खाली साडेसातशे खुर्च्या रिकाम्या आणि मधोमध एकटे आप्पा, टोपी मांडीवर काढून ठेवलेली. मी वरून आवाज आणि रंग तपासत होते, गोष्टीकडे माझं लक्ष नव्हतं. पाऊण तास उलटून गेल्यावर आप्पांनी एकदम उजवा हात वर केला. काही हवं असेल म्हणून मी खिडकीतून वाकून ओरडले, "काय झालं?" त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. थोड्या वेळानं हात खाली आला. मी घड्याळ बघून वहीत टिपलं, त्रेपन्नावं मिनिट, म्हटलं पडद्यावर काही डाग दिसला असेल तर नंतर विचारू. आणि विसरून गेले.

मध्यंतर कुठं द्यायचं हे वितरकाच्या कागदावर छापलेलंच होतं. एक तास चार मिनिटं. सिनेमा दोन तास आठ मिनिटांचा, म्हणजे बरोब्बर निम्म्यावर. मी मशीनला तसं सांगून ठेवलं.

शुक्रवारी बाराच्या खेळाला अभयशेठांनी मशीनला हार घातला, नारळ फोडला आणि माझ्या हातानं बटण दाबवलं. चित्र असं स्वच्छ आलं की खालून शिट्ट्या पडल्या. शेठ हरखले. आप्पा कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे होते. त्यांची दोन जुनी मशीनं भिंतीला सरकवून ठेवली होती आणि त्यांच्यावर कुणीतरी पेढ्यांचा रिकामा खोका ठेवला होता.

एक तास चार मिनिटांनी पूल तुटला. बसभर मुलं लटकली, हिरव्या मामानं झेप घेतली आणि तो हवेत असतानाच दिवे लागले. मध्यंतर. शिट्ट्या, आरडाओरड, लोक उठले. मला तर ते फारच छान वाटलं.

दहा मिनिटांनी घंटा झाली. आप्पा म्हणाले, "मॅडम, जरा हिकडं या," आणि मला खिडकीपाशी नेलं. खाली निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सिनेमा सुरू झाला, पूल पडला, मुलं वाचली, आणि लोक अजून वडापावच्या पुड्या घेऊन आत येत होते. अंधारात एकमेकांच्या पायांवर पाय देत होते. "बसा की खाली," "दिसंना झालंय," असा गोंधळ सात-आठ मिनिटं चालला.

"लोक असेच असतात," मी म्हणाले.

"न्हाई."

एवढं म्हणून ते खाली बघत राहिले. मला राग आला. दोन दिवस राबून मशीन लावलं होतं, पहिला खेळ सुरळीत चालला होता, आणि हे म्हातारबुवा नाक मुरडत होते.

"मग कसे असतात? सांगा तरी."

"इंटरवल बरोबर पडला तर घंटा वाजायच्या आधी माणूस जागेवर येतो. घंटेनं बोलवायला लागलं, म्हंजी इंटरवल चुकला."

"चुकला कसा? पूल तुटलाय, मुलं लटकलीत! पुढं काय होणार हे बघायला माणूस धावत यायला पाहिजे."

"पुढं काय हुणार ते समद्यांना ठावं हाय, मॅडम. पोरं वाचणार. हिरवा मामा पडायचा हाय व्हय? त्याचं पोस्टर लागलंय चौकात. मग कशाला घाई करायची? माणूस म्हनतो, वाचीव तू, मी वडा खाऊन येतो."

मला हसू आलं आणि रागही तसाच राहिला. "मग तुम्ही कुठं दिलं असतं?"

"काल हात केला हुता की तुम्हाला."

मी वही काढली. त्रेपन्नावं मिनिट. खेळ संपल्यावर मी मशीनवर ते ठिकाण काढलं आणि पहिल्यांदाच तो प्रसंग नीट बघितला. हिरवा मामा साध्या कपड्यांत घरी आलेला असतो. आग विझवताना त्याचा हात भाजलाय, बाही जळलीय, ती तो पाठीमागं लपवतोय. आई स्वयंपाकघरात. ती बाहीकडे बघते, काही बोलत नाही. ताट वाढते. फडताळातून मलमाची डबी काढते आणि ताटाशेजारी ठेवते. म्हणते, खाना खा ले, ठंडा हो रहा है. तो त्या डबीकडे बघतो. पुढच्या क्षणी शहर, मोटारी, गर्दी.

"हितं," आप्पा म्हणाले. "डबी दिसली, की बंद."

"इथं तर काहीच घडत नाही."

"तिला म्हायती हाय का न्हाई?"

"काय?"

"पोरगं कोण हाय ते. आईला म्हायती हाय का न्हाई? आन् आता तिला म्हायती हाय हे पोराला कळलं का न्हाई? सांगा."

मला सांगता येईना. मी वर बसून पूर्ण सिनेमा चालवला होता आणि मला ते माहीत नव्हतं.

"ह्याचं उत्तर पोस्टरवर न्हाई," आप्पा म्हणाले. "हे बाहेर चहा पितानासुदिक डोक्यातनं जात न्हाई."

मग तीनच्या खेळाआधीच्या रिकाम्या वेळात त्यांनी मला कात्रीचं सांगितलं. आपल्याकडच्या जुन्या सिनेमांचं मध्यंतर दिग्दर्शकच ठरवून द्यायचा, पडद्यावर अक्षरं यायची, ऑपरेटरनं फक्त दिवे लावायचे. इंग्रजी सिनेमाला मध्यंतर नसतंच. तिकडचे लोक दोन तास उठतच नाहीत म्हणे. ते आपल्याकडं आलं की कुणीतरी मध्ये तोडावं लागायचं, आणि बहुतेक ऑपरेटर जिथं रीळ संपेल तिथं तोडायचे. आप्पांना ते पटायचं नाही. ते गुरुवारी एकटे बसून सिनेमा बघायचे, जागा ठरवायचे, मग तिथं रीळ कापून पुढचा तुकडा दुसऱ्या रिळाला जोडायचे, म्हणजे मध्यंतर त्यांना हवं तिथं पडेल. पेट्या एसटीनं पुढं लोणंदला, दहिवडीला जायच्या त्या आप्पांच्या जोडासकट.

"लोणंदच्या ऑपरेटरनं एकदा पेटीत चिठ्ठी टाकली हुती," ते म्हणाले. "'आप्पा, इंटरवल चांगला ठेवलाय. मी हलवला न्हाई.'"

"कुणाला माहीत होतं हे? शेठना?"

"शेठला कशाला? पब्लिकला बी ठावं न्हाई. पूर्वी इंग्लिश पिक्चर वर्षातनं एखाददुसरा यायचा, कुठं लढाईचा, कुठं मगरीचा. हे उडणारे लोक आल्यापास्नं तीन-तीन म्हैन्याला एक येतोय. येवढा मोठा पिक्चर करत्यात, कोटी-कोटी रुपयं घालत्यात, आन् मधली जागा तेवढी सोडत्यात. त्यांना ठावं बी न्हाई सोडलीय म्हणून. ती जागा माझी."

हे बोलताना ते लाजले. साठ वर्षांचा माणूस इतका लाजलेला मी पहिल्यांदाच बघत होते. परवा चहाच्या वेळी ते ज्याला काम म्हणाले होते ते हेच होतं, हे मला तेव्हा कळलं. आणि माझ्या पिशवीत तो फॉर्म होता. मला फार वाईट वाटलं. नुसतं त्या एका फॉर्मचं नाही, आधीच्या सगळ्यांचं.

वितरकाच्या कागदावर 'बदल करू नये' असं ठळक छापलं होतं. तीनच्या खेळाला मी मध्यंतर अकरा मिनिटं अलीकडे ओढलं.

डबी ताटाशेजारी आली, मुलानं तिच्याकडे बघितलं, दिवे लागले. एकही शिट्टी नाही. लोक लगेच उठलेही नाहीत. मला वाटलं, संपलं, आता खुर्च्या तोडतील. मग हळूहळू उठले, बाहेर गेले. मी खिडकीतून हलले नाही. सहा-सात मिनिटं झाली असतील, एक जोडपं बोलत बोलत परत आलं. "तिनं पयल्यापास्नं वळखलंय," बाई म्हणत होती. "मग बोलली का न्हाई?" नवरा म्हणत होता. त्यांच्यामागं कॉलेजची पाच-सहा पोरं, मग रांगच लागली. घंटेआधी खालचा मजला भरलेला होता.

अभयशेठ धापा टाकत वर आले. "घंटा लवकर दिलीत का? कँटीनवाला म्हणतो, गिऱ्हाईक गेलं कुठं?"

"अजून दिलीच नाही, शेठ."

त्यांच्यामागून हौसाबाईही आल्या होत्या. त्या उडणाऱ्यांच्या सिनेमाला उभ्याही राहणार नव्हत्या, पण आज त्यांनी दारातून डोकं काढून पाहिलं होतं. "ताई, ती आई त्याला सांगंल का वं?" त्यांनी मला विचारलं, आणि उत्तर ऐकायला न थांबता बाल्कनीकडे पळाल्या.

मी शेठना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते खिडकीशी जाऊन खालच्या डोक्यांकडे बघायला लागले. हिशेबी माणूस, पण त्यांचे डोळे भरले होते. "छत्तीस वर्षं हा माणूस वर बसून हे करत होता आणि मला पत्ता नाही," ते म्हणाले. "मॅडम, तुमच्या कागदावर माणूस लागतो असं आलं, तर मी ठेवतो. पगार तोच. माझी काही तक्रार नाही."

सगळं आता माझ्या हातात होतं, आणि मी खूश होते. संध्याकाळी पुण्याला बापटसरांना फोन केला. ते आमचे साहेब.

"होय लिही की. मालकाला चालत असेल तर आपलं काय जातंय?" ते म्हणाले. "पण मध्यंतर हलवलंस ते बरोबर नाही केलंस. असू दे, हा आठवडा राहू दे. पुढच्या शुक्रवारपासून प्रश्नच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या सिनेमापासून मध्यंतर फाइलमध्येच बसवून येणार. मुंबईहून. सगळीकडे एकच. कुणाला हलवता येणार नाही."

"सर, एखाद्या थिएटरला सूट..."

"वनिता, दोन हजार थिएटरं आहेत. प्रत्येकाला विचारत बसू का, तुमचा माणूस कधी उठतो म्हणून?"

मी आणखी पाच मिनिटं वाद घातला. मग त्यांनी दुसरा फोन आल्याचं सांगून ठेवून दिला.

शनिवारी सकाळी मी फॉर्म भरला. 'ऑपरेटर आवश्यक' यापुढं ठसठशीत 'होय' लिहिलं आणि केबिनमध्ये गेले. आप्पा मशीनवरून फडकं फिरवत होते. मी त्यांना आधी सगळं खरं सांगितलं. शेठ जिन्यात काय म्हणाले, मी काय कबूल केलं होतं, आणि आता काय लिहिलंय. माझी अपेक्षा होती की ते निदान सुटकेचा श्वास टाकतील. ते म्हणाले, "ते बुधवारीच कळलं हुतं मला. शेठ जिन्यात हळू बोलत्यात, पर जिना घुमतोय." मग चष्मा लावून त्यांनी फॉर्म वाचायला घेतला. एकेक ओळ बोट फिरवत.

"कामं लिवल्यात ह्यात. मशीन चालू करणे. मशीन बंद करणे. मशीनची हवेची जाळी पुसणे." त्यांनी कागद उलटा करून पाठीमागंही बघितलं. "इंटरवल कुठंय?"

बापटसर फोनवर काय म्हणाले ते सांगणं मला भागच होतं. मी सांगितलं.

"म्हंजी आता ती जागा बी भरली त्यांनी."

"हो, आप्पा."

"समद्या गावांस्नी येकच?"

"एकच."

ते स्टुलावर बसले. खाली हौसाबाईंचा झाडू चालल्याचा आवाज येत होता.

"पगार तोच राहणार आहे, शेठनी शब्द दिलाय," मी म्हणाले.

"पगार इचारला का मी?" ते एकदम ओरडले. पहिल्यांदाच. मग स्वतःच वरमले. "तुमच्यावर न्हाई वरडलो, बाई. पोराचं बारामतीला बरं चाललंय, खायला कमी न्हाई. पर चालू कर, बंद कर, ह्याला हितं बसायचं व्हय मी? लोकं खाली चुकीच्या जागी उठणार आन् मी वर बसून ते बघणार? रोज चार येळा?"

त्यांनी माझ्या हातातलं पेन मागितलं. फॉर्म मांडीवर घेतला, 'होय'वर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'नाही'. अक्षर मोठं, गोल, शाळेत गिरवल्यासारखं. मग त्याच रकान्यात बारीक अक्षरात: 'बटणासाठी हौसाबाई मदने.'

"अठरा वर्षं दारात उभी हाय बिचारी. तिला हितं खुर्चीत बसू दे. गुरुवारपातुर मी हाय, हा पिक्चर उतरला की निघतो." त्यांनी कागद माझ्यापुढं केला. "सही करा."

"आप्पा, मी नाही करणार."

"करा. मला कुणी काढलं न्हाई, मी निघालो. येवढं तरी माझ्या ठरवण्यानं हू द्या."

मी सही केली. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान वळवून केली, त्यामुळं ती वाकडी आली. शेठनी तो फॉर्म बघितला तेव्हा आप्पांचं अक्षर दोनदा वाचलं आणि ते घरी निघून गेले.

तो सिनेमा देशभर चालला. सगळीकडे त्याचं मध्यंतर पुलावर झालं. फलटणला तेवढं, पहिला खेळ सोडून, सात दिवस ताटापाशी झालं.

दुपारी माझी पुण्याची गाडी होती. त्याआधी हौसाबाईंना शिकवायचं होतं. त्या हात धुऊन, पदर नीट करून आल्या, आप्पांनी त्यांना स्टूल दिलं आणि स्वतः मागं उभे राहिले. हौसाबाईंना एकदा सांगितलेलं लगेच कळत होतं. चालू, बंद, जाळी. तीनही त्यांनी मला करून दाखवलं. मग मशीनच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "आन् इंटरवल कुठं द्यायचा, ताई?"

"तो द्यायचा नाही, मावशी. तो पुढच्या शुक्रवारपासून मुंबईहूनच येणार."

"मुंबैहून?" त्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. "मुंबैच्या माणसांना काय ठावं, आमची माणसं कवा उठत्यात?"

आप्पांनी फडकं उचललं आणि काच पुसायला लागले. मी हौसाबाईंना हिरवं बटण पुन्हा एकदा दाखवलं.